पडद्यावर तू, आवाज भलत्याच बाईचा

माय, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः म्हातारी झाले, गुडघे धरून उठते-बसते, तरी ते गाणं आठवलं की माझं डोकं तापतं. आज ते आठवलं नातीमुळे. ती फोन समोर उभा करते, कुठल्या तरी बाईचं गाणं लावते आणि स्वतः नुसते ओठ हलवते. मी म्हटलं, "अगं, आवाज तिचा आणि तोंड तुझं, हे कसलं गाणं?" तर म्हणाली, "आजी, सगळे असंच करतात." आमच्या वेळी गाणं बघायचं तर टॉकीजला जावं लागे आणि त्याच्यासोबत आख्खी गोष्ट बघावी लागे. मग टीव्हीवर नुसती गाणीच यायला लागली. आता गोष्टही नाही, गाणारीही नाही, नुसतं तोंड. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. असंच एक गाणं आपल्या घरात होऊन गेलं आणि त्यातलं तोंड तुझं होतं, हे तिला कुठून सांगायला सुरुवात करू?

आपण तेव्हा अकोल्यात राहायचो, जिनिंग फॅक्टरीच्या मागे. बाबा तिथेच कामाला. हंगामात कापसाचे तंतू उडून भाकरीच्या पिठातही यायचे आणि तू पीठ चाळता चाळता गायचीस. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर वस्तीतल्या बायांनी जुनी गाणी सोडून दिली होती. नवी गाणी तू जोडायचीस आणि बाकीच्या मागून म्हणायच्या. बार्शीटाकळीला मामाच्या वस्तीत एका कार्यक्रमात सरकारी प्रचार खात्याच्या एका साहेबानं तुझा आवाज ऐकला आणि तो पत्ता विचारत घरी आला. पुण्याकडचा माणूस, बोलणं मऊ. त्याला एक छोटी फिल्म करायची होती, एका गाण्याएवढीच. सिनेमा सुरू व्हायच्या आधी ती गावोगावच्या टॉकीजमध्ये दाखवायची, म्हणजे मोठ्या वयाच्या बाया शिकायला येतील. गाण्यात आई आपल्या मुलीला म्हणते, मला अक्षरं शिकव. आई तू, मुलगी मी. मी सातवीत होते आणि आनंदानं मला रात्रभर झोप आली नाही.

शाळेच्या एका खोलीत गोधड्या टांगून तुझं गाणं टेपवर घेतलं. मोठ्या चकत्यांचं ते यंत्र फिरतंय, साहेब कानाला यंत्र लावून बसलाय आणि तू गातेस, "मले अक्षर दाव गं पोरी, मले नाव लिहू दे." साहेब हात वर करतो. "बाई, कागदावर 'मला' आहे. 'मला' म्हणा." तू मान हलवतेस आणि पुन्हा 'मले' गातेस. पहिल्यांदा वाटलं तोंडात बसलंय म्हणून येतंय. चौथ्या-पाचव्या वेळी मला कळलं की तू मुद्दाम करून राहिलीस. साहेबाच्या कपाळावर घाम. शेवटी तूच त्याला विचारलंस, "साहेब, ही बाई कोनती हाय?"

"कोणती म्हणजे? खेड्यातली बाई."

"तिले लिहता-वाचता येते?"

"नाही, म्हणूनच तर ती शिकवायला सांगते आहे."

"मंग ते 'मला' कुठून शिकली?"

मी शरमेनं जमिनीकडे बघत होते. साहेब मात्र हसला, म्हणाला, "बरं बाई, राहू द्या तुमचं 'मले'," आणि तसंच टेप झालं. पुढे मामाच्या अंगणात कॅमेरा लावला. टेप वाजणार आणि तू नुसते ओठ हलवायचे. तिथेही तू अडलीस. "गाऊन तं झालं. आता मुकं तोंड काहून हालवू?" आणि टेपच्याही वर आवाज चढवून गायलीस. कॅमेरावाल्यानं कपाळाला हात लावला. माझ्या हातात पाटी दिली होती, मी तुझा हात धरून 'अ' गिरवायचा होता. तो तू मन लावून गिरवलास. घरी आल्यावर मी खरंच पाटी घेऊन तुझ्यापुढे बसले, तर म्हणालीस, "सिनेमा झाला ना आता? ऊठ, चुलीत लाकूड सरकव." त्यानंतर तू पाटीला कधी हात लावला नाहीस. बायांनी शिकावं म्हणून जिचं गाणं गावोगाव फिरलं, ती बाई आयुष्यभर अंगठा उठवत राहिली. मी चिडू नको तर काय करू?

मग पावसाळा सरला आणि अकोल्याच्या टॉकीजला ती फिल्म लागली. आपण तिघं नवे कपडे घालून गेलो. तू आणि मी बायांच्या बाजूला, बाबा पलीकडे पुरुषांत. मागून मोठा सिनेमा होता, तो बघायला मी महिनाभर तुझ्या मागे लागले होते. अंधार होतो. पडद्यावर मामाचं अंगण येतं, तू येतेस, एवढ्या मोठ्या डोळ्यांची, आणि तोंड उघडतेस. आवाज भलत्याच बाईचा! गोड, बारीक, घासूनपुसून काढलेला. ती म्हणते 'मला' आणि तुझे ओठ म्हणतात 'मले'. ओठ आणि आवाज एकमेकांना भेटतच नव्हते.

तू माझा हात सोडलास आणि उभी राहिलीस. "हा माहा आवाज नाही! माह्या तोंडात ही कोन गाऊन राहिली?"

लोक हसले. पलीकडून बाबा म्हणाले, "बस वो खाली, लोकं पाहून राहिले." मागून कोणीतरी ओरडलं, "मंग होऊ द्या तुमच्या आवाजात!" त्यानं गंमत केली होती, पण तू ती गंमत घेतली नाहीस. तू गायला सुरुवात केलीस. पडद्यावरचं गाणं संपलं, मोठ्या सिनेमाची नावं सुरू झाली, तरी तू उभी आणि तुझं गाणं चालूच. पहिल्या कडव्याला शिट्ट्या होत्या, नंतर त्या थांबल्या, आपल्या रांगेतल्या बाया टाळ्यांनी ठेका धरायला लागल्या. मग मॅनेजर बॅटरी घेऊन आला. आपल्याला बाहेर काढलं. मी रडत होते, सिनेमा बुडाला म्हणून. तू पायरीवर बसून चपलेचा अंगठा नीट करत म्हणालीस, "आयकलं ना लोकायनं? बस."

बस कसली? त्यानंतर खरं बिघडलं. तो साहेब पुन्हा घरी आला. तू चुलीपुढे होतीस, तो दारातच उभा. म्हणाला, "बाई, मी तुमचंच गाणं पाठवलं होतं. मुंबईत वरच्यांनी ऐकलं आणि म्हणाले, ही भाषा चालणार नाही. मला विचारलंही नाही. माझी चूक नाही, पण मला वाईट वाटतं." मग तो म्हणाला की नागपूरच्या रेडिओवर खेड्यातल्या बायांसाठी कार्यक्रम असतो, तिथे त्यानं तुझ्याबद्दल सांगितलंय. तिथे 'मले' चालेल. ते टेप जपून ठेवतात. येण्याजाण्याचं बघतात. बाबा पुढे झाले, "जाय ना, मी येतो संगं." तू भाकरी उलटलीस.

"एकडाव नेला माहा आवाज. कुठं टाकला, त्याचा पत्ता नाही. आता नाही देत."

"बाई, तिथं तसं होणार नाही."

"तुमचं खरं असंन साहेब. पन विचारलं तं तुमालेही नाही कोनी."

साहेब चहा न घेताच गेला. बाबा आठ दिवस तुझ्याशी धड बोलले नाहीत. मी तर किती विनवलं. तू एकदा नागपूरच्या गाडीत बसली असतीस तर काय झालं असतं गं? मला तुझा अभिमान कळतो, माय. मी पुढे मराठीची मास्तरीण झाले, पोरांच्या वह्यांत 'मले' आलं की लाल रेघ मारायला हात जायचा आणि मध्येच थांबायचा, तो तुझ्यामुळेच. पण एका साहेबाचा राग तू सगळ्या जगावर काढलास, आणि त्यात नुकसान कोणाचं झालं हे कधी बघितलं नाहीस.

मी अमरावतीला शिक्षकीचं शिकत होते तेव्हा तू गेलीस. तापाचं निमित्त झालं. मी पोचले तोवर तुझं बोलणं बंद झालं होतं. दिवसकार्य उरकून मी परत आले आणि महिन्याभरात सोबतच्या मुलींनी मला बळेच सिनेमाला नेलं, मन रमावं म्हणून. दिवे गेले आणि आधी तीच फिल्म लागली. जुनी झाली होती, रेघा पडल्या होत्या. मामाचं अंगण, मी, पाटी आणि तू. माझ्या तोंडून 'माय' निघालं. सोबतची मुलगी म्हणाली, "अगं, तुझी आई! किती गोड गाते!" मी म्हटलं, "गाते ती ही नाही." ती गोंधळली, "मग ही कोण?" आई माझीच आहे, फक्त गाते दुसरीच, एवढं त्या अंधारात कसं समजावायचं? दात-ओठ खात बसून राहिले.

पण दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. मग पुन्हा गेले. कधी ती फिल्म लावायचे, कधी नाही. लावली नाही तर मी मोठा सिनेमा न बघताच उठून यायचे. अमरावतीतली होती नव्हती ती सगळी टॉकीज पालथी घातली. तुझा घरात एक फोटो नव्हता, माय. हलणारी, बघणारी, पदर सावरणारी तू फक्त तिथेच होतीस. ती बाई गायची आणि मी तुझ्याकडे बघायची. काही महिन्यांनी ती फिल्म यायची बंद झाली. पुढे खात्यात विचारलं तर कोणालाच काही माहीत नव्हतं.

हे पत्र कोणाला वाचून दाखवणार नाही, आणि तुला तर ते वाचताही आलं नसतं. मघाशी भांडी घासताना मी ते गाणं गुणगुणायला घेतलं, तुझ्यासारखं, 'मले' म्हणत. शब्द तुझे आले. पण कानात आवाज आला तो तिचा. गेली कित्येक वर्षं तोच येतो. तुझा कसा होता ते मला आता आठवत नाही, माय.