आईचं माहेर सापडल्याबद्दल थोडा खुलासा

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या एकुलत्या एका भावाचा (दुसरा असता तर हे पत्र त्याच्याकडून लिहून घेतलं असतं) वाकून नमस्कार. वाकून म्हणजे मनाने. माझ्या कमरेचं तुला ठाऊकच आहे. तुझा डावा गुडघा कसा आहे? उजव्याने त्याचं पाहून काही सुरू केलं नाही ना? इकडे आम्ही दोघं ठीक. मला रक्तदाबाच्या नव्या गोळ्या सुरू झाल्याला आता वर्ष होईल. गोळ्या उत्तम आहेत, फक्त तोंड फार कोरडं पडतं. या कोरडेपणाकडे पुढे वळावंच लागणार आहे, म्हणून आधीच कानावर घातलं.

आता एक विनंती. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आणि वीस तारखेच्या गाडीत बसण्याआधी शेवटपर्यंत वाच. तू अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, लेकीचा विरोध मोडून, एकटी, काठी घेऊन आईचं माहेर बघायला निघाली आहेस. त्या माहेराबद्दल मला थोडं बोलायचं आहे. फोन तीनदा केला. पहिल्यांदा तू नव्या बुटांचं वर्णन केलंस, दुसऱ्यांदा त्याच बुटांच्या नाड्यांचं, आणि तिसऱ्यांदा तू रडलीस. तू रडलीस म्हटल्यावर मी काय बोलणार? बाबा गेले तेव्हाही तू आधी शेजारच्यांच्या खुर्च्या मोजून परत केल्या होत्यास.

तर मुळापासून सांगतो. (मध्ये ‘मुद्द्यावर ये’ म्हणू नकोस. पत्रात मला थांबवता येत नाही, म्हणून तर पत्र.) आपल्या आईला माहेर नव्हतं. अनाथाश्रमाच्या दारातलं मूल. आई कोण, गाव कोणतं, कशाचा पत्ता नाही. सुट्टी लागली की गल्लीतली सगळी पोरं आपापल्या मामाकडे पांगायची आणि रिकाम्या गल्लीत आपण दोघं उरायचो. तेव्हा तू मला सांगायचीस की आपला मामा बोटीवर कप्तान आहे, त्याला जमिनीवर उतरायची परवानगीच नाही. मी ते चौथीपर्यंत खरं मानलं. पाचवीत कवितेच्या तासाला मास्तरांनी मामाच्या घरावर चार ओळी करायला सांगितल्या, तर मी लाटांवर सोळा केल्या. मास्तर म्हणाले, “अरे, यात घर कुठंय?” मी म्हणालो, “तरंगतंय.” घरी येऊन आईला त्या म्हणून दाखवल्या. ती कणीक मळत होती. हात थांबले, पण मान वर केली नाही. तो थांबलेला हात, ताई, मला साठ-पासष्ट वर्षं दिसतो आहे.

म्हणून मागच्या वर्षी वर्तमानपत्रात वाचलं की नळीत थुंकून पाठवलं तर आईच्या आईच्या आईचा माग हजारो वर्षं मागे नेऊन देतात, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल! व्यवस्था मोठी सुंदर आहे. आपल्या पेशीपेशीत एक बारकीशी चिठ्ठी असते, आणि ती फक्त आईकडून येते. बापाचा तिच्याशी काही संबंध नाही. आई ती मुलग्यालाही देते आणि मुलीलाही, पण पुढे पोचवते फक्त मुलगी. म्हणजे तुझ्याकडून तुझ्या लेकीकडे गेली, तिच्याकडून तुझ्या नातीकडे गेली. मी मात्र टपाल घेऊन आयुष्यभर दारात उभा राहिलेला पोस्टमन. शिवाय एखाद्या मामाची मुलं त्या मामाच्या आईची चिठ्ठी बाळगतच नाहीत, मावशीची मुलं बाळगतात! आपल्याला मामा नव्हता म्हणून आपण उगाच झुरलो. रडायचं तर मावशीसाठी रडायला हवं होतं.

नळी आली. बोटभर लांब, निळ्या टोपणाची, आणि तिच्यावर एक रेघ. त्या रेघेपर्यंत फेस न धरता भरायची. आधी अर्धा तास खायचं-प्यायचं नाही. मी सकाळी नऊला खिडकीशी खुर्ची घेऊन बसलो. आता आठव त्या गोळ्या! अर्ध्या तासात तीन थेंब, तेही फेसाळ. लिंबू डोळ्यांसमोर आणलं, काही नाही. ही स्वयंपाकघरातून खरंच लिंबू कापून घेऊन आली आणि समोर धरून उभी राहिली. मला तिच्या हातांवरच्या सुरकुत्या दिसल्या आणि काव्य सुचलं, लाळ सुटली नाही. मग वाटलं, शाळेतल्या कविता म्हणाव्यात. त्या म्हणताना लहानपणी पहिल्या बाकावरच्यांना पुसून घ्यावं लागायचं. पहिलीपासून सुरुवात केली. सातवीपर्यंत आलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि कुरियरवाला दोनला येणार होता. मी ‘जरा डोळे मिटतो’ म्हणालो. उठलो तर नळी रेघेपर्यंत भरलेली, टोपण घट्ट लावलेलं, आणि ही कपड्यांच्या घड्या घालते आहे. मी म्हणालो, “बघ, कवितेत काय ताकद असते!” ती म्हणाली, “हो ना.” चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदा इतक्या लवकर ‘हो’ म्हणाली. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

दोन महिन्यांनी निकाल आला. एक अक्षर, पुढे तीन आकडे: आपलं कुळ! आणि त्या कुळाची हकीकत. कुठल्याशा उष्ण पठारावरची एक बाई, हजारो पिढ्यांपूर्वीची. तिच्या लेकी समुद्राच्या कडेकडेने शिंपले वेचत चालत निघाल्या. एक फांदी डोंगरात वळली, एक बेटांवर गेली, आणि एक दमून ज्या किनाऱ्यावर बसली, तिथल्या गावांत आजही हीच चिठ्ठी घराघरांत सापडते, असं त्यात लिहिलं होतं. निकालाच्या अगदी पहिल्या ओळीत ‘लिंग : स्त्री’ असंही होतं. ताई, मी जन्मभर नकाशे काढणाऱ्या कचेरीत रेघेची जाडी तपासत आलेला माणूस. पण मला ती ओळ वाचून गहिवरून आलं. वाटलं, वा! यांनी आदिमातेला केवढा मान दिला आहे, पहिल्या ओळीत तिचाच उल्लेख!

पुढचं तुला माहीत आहे. मी तुला फोन केला, “ताई, आईचं माहेर सापडलं.” तू म्हणालीस, “समुद्र आहे का रे तिथं?” मी म्हणालो, आहे. माझ्याकडून तुला त्या किनाऱ्याचा नकाशा गेला, तो तू चौकटीत लावलास. इकडे बैठकीच्या भिंतीवर मी आदिमातेचा अख्खा प्रवास रंगवला: चपलांच्या कपाटापासून निघून, घड्याळाखालून, थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत. (डोंगरातली फांदी विजेच्या बटणांमुळे थोडी आखडती घ्यावी लागली.) शिवाय तिच्यावर एकेचाळीस कडवी केली. पहिलं देतो:

कोण तू गे, कुठुन आलिस ओल्या वाळूवरी,
उमटवीत पाउले लेकिंच्या अंतरी?
तुझ्या ओच्यातले शिंपले अजुनि वाजती,
जुने सूर माझिया पेशीत जागती.

हे मी हिला वाचून दाखवलं. म्हणाली, “ओल्या वाळूवर पाऊल टिकतं का?” पण म्हणाली हसून, आणि तेव्हापासून घरी कोणी आलं की हीच त्यांना भिंतीपाशी नेऊन, काठीने दाखवत, सगळा प्रवास समजावू लागली. मला वाटलं, बायको माझ्या आईच्या माहेराचा किती अभिमान बाळगते! डोळे भरून आले. (या वयात ते कशानेही भरतात, फक्त तोंड भरत नाही.)

आणि गेल्या मंगळवारी हिच्या भाचीचा, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचा, फोन आला. तिनेही हौसेने तीच तपासणी केली होती. तो निकाल देणारे लोक नातलगही जुळवून देतात म्हणे. आवाज हसून हसून फुटत होता. “काका, बसलात का? तुम्ही माझी सख्खी मावशी निघालात.”

मी म्हणालो, “बाळ, यंत्राची चूक असेल.”

“अक्षर तेच, आकडे तेच. वर लिंग स्त्री लिहिलंय. मावशी, काकांना फोन द्या ना जरा!”

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. ही डाळ निवडत होती. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, “थोडीशीच भर घातली होती. सातवीच्या कविता संपेनात तुमच्या.”

तेव्हा ताई, आता सांगतोच. तो किनारा आईच्या माहेराचा नाही. तो माझ्या सासूबाईंच्या माहेराचा आहे. त्या सासूबाई, ज्या आमच्या लग्नाआधी म्हणाल्या होत्या की हा मुलगा हातात नकाशा असूनही वाट चुकेल! त्यांच्या आज्या-पणज्यांवर मी एकेचाळीस कडवी लिहिली, त्यांचा वंश माझ्या भिंतीवर चपलांपासून न्हाणीघरापर्यंत नांदतो आहे, आणि त्यांच्या पूर्वजांचं दर्शन घ्यायला माझी सख्खी बहीण गुडघ्याला पट्टा बांधून निघाली आहे. मला हसूही येतं आणि त्या कणकेतल्या हाताकडे बघवतही नाही. माझ्यावर हवं तितकं रागाव. पण खोट्या गावात जाऊन खऱ्या आईला शोधत तू एकटी वाळूत उभी राहिलीस, तर मला सहन होणार नाही. तिकीट रद्द कर.

बाकी सर्व क्षेम. लेकीला आणि नातीला आशीर्वाद. तुझ्या काठीला नमस्कार.

तुझा (तपासणीपुरता भाऊ न उरलेला)
भाऊ

ता. क. या पाकिटात कापसात गुंडाळलेली एक निळ्या टोपणाची नळी आहे. दचकू नकोस. तुझ्या आणि माझ्या पेशीत आईची चिठ्ठी एकच आहे. माझ्याकडून ती बाहेर पडत नाही, हे सिद्ध झालं. तुझं तोंड आजवर कधी कोरडं पडल्याचं मला तरी आठवत नाही. रेघेपर्यंत, फेस न धरता. हे सगळं पत्र खरं तर त्यासाठीच होतं. पण नुसती नळी पाठवली असती तर तू काय बोलली असतीस, ते मला पाठ आहे.

ता. क. दुसरा (यांच्या नकळत) : वन्सं, नमस्कार. हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी लिहिते. थोडीशी भर वगैरे काही नव्हती. यांचे तीन थेंब मी नळाखाली धुऊन टाकले आणि सगळी नळी मीच भरली. ते घोरत होते. इतका गाजावाजा होईल असं वाटलं नव्हतं, आणि झाल्यावर यांचा चेहरा बघून सांगवेना. तुम्ही फोनवर रडलात ते मला कळलं, तेव्हापासून मला झोप नाही. तुमची माफी मागते.

पण तिकीट रद्द करू नका. तो किनारा मीही कधी बघितलेला नाही. माझी आई, तिची आई, कोणीच तिकडे परत गेलं नाही. तुमच्या शेजारची जागा मी परवाच काढली आहे. तुमच्या आईंचं गाव कळेल तेव्हा कळेल. तोवर माझं माहेर तुम्हाला चालत असेल, तर अर्धं घ्या. नणंदेला घेऊन माहेरी निघालेली भावजय मी तरी आजवर पाहिली नाही. लोकांना बघू दे.

यांना अजून काही बोललेले नाही. आपण तिथे किती दिवस राहायचं ते ठरवून कळवा, म्हणजे तितके दिवस यांचा जेवणाचा डबा लावून ठेवते.