नीलूचे मासे अन् बोअरचं ताजं पाणी

३ मार्च १९८६, सोमवार
पहिली आली ती शेजारची बानूबाई. चूल पेटली नव्हती तर उंबऱ्यात हजर. म्हणली, रुद्रम्मा, लिंगायताच्या घरात मासे आलेत म्हणून गाव बोलायलंय, खरं हाय का. म्या म्हणलं, खरं हाय, पाच आलेत, ये आत. काचेच्या पेटीत वाकून वाकून बघितलं अन् विचारती, कापणार कवा. बानूबाईच्या बोलण्याला ताळतंत्र न्हाय, पण मनानं चांगली.
मासे माझ्या नातीचे, नीलूचे. चार केशरी, एक काळा. सोलापूरला तिची सातवीची परीक्षा, अन् पोरगी पुस्तक सोडून माशाकडंच बघत बसती. म्हणून माझ्या ल्योकानं, चनबसूनं, परीक्षा होईस्तोवर पेटी इथं आणून ठिवली. जाताना नीलूचे डोळे भरले. म्हणली, आज्जी, पाचीच्या पाची परत पायजेत. म्या शब्द दिला. पाचाचे सात करून दीन.

४ मार्च, सकाळी
नीलूनं कागदावर लिहून दिलंय. पाणी सारं एकदम बदलू नको. बोअरचं पाणी बादलीत एक दिवस तसंच ठिव, मग थोडं थोडं घाल.
लेकरू शहरातलं, त्याला काय ठावं. आपल्यात काल भरलेलं पाणी सकाळी कुणी तोंडाला लावत न्हाय. घागर रिकामी करायची, राखेनं घासायची, ताजं भरायचं. पावण्याला शिळं पाणी द्यायचं म्हंजे काय. अन् दुष्काळात सगळ्या गावचं तोंड वाळलंय तर दूध सोसायटीची नवी बोअर माझ्या दारात. नारळ फोडला तोही माझ्याच हातानं. पाणी असं गार की दात ठणकत्यात. पेटी राखेनं घासली, काठोकाठ भरली. जुनं पाणी म्हशीला. मासे लई पळाले. खूश झाले.

७ मार्च
मासे वर येऊन माझ्याकडं बघून आ करत्यात. ओळखायला लागले. नीलूचे आजोबा म्हणले, त्यांचा जीव गुदमरायलाय. ह्यांना माझं बोललेलं हाताच्या अंतरावरनं ऐकू येत न्हाय, माशाचं बरं कळतं. चतकोर भाकर चुरून घातली.

९ मार्च, दुपारी
काळा आडवा झोपलाय. उन्हाचं सगळेच झोपत्यात.
सांजंला
अजून झोपलाय.

१० मार्च
काळा गेला. म्हातारा असंल. लिंबाखाली पुरला.
आजपासून पाणी दोनदा बदलायचं, सकाळ अन् सांज. बानूबाई म्हणली, त्या पाण्यात डाळ शिजत न्हाय, केसाच्या जटा होत्यात, मासे कसे जगतील. म्या म्हणलं, माशाला कुठं डाळ शिजवायची हाय.

१४ मार्च
राखेनं बोटं फुटली. आता नुसतं तांब्यातांब्यानं पाणी बदलते. काचेवर पांढरी साय धरलीय, आतलं नीट दिसत न्हाय. एका बाजूनं बघितलं तर दोन मासे. पलीकडनं बघितलं तर दोन. म्हंजे चार.

१७ मार्च
बानूबाईनं काच पुसली. दोनच हायेत. बाकीचे दोन तळाला, दगडाआड मरून पडलेले. नजर लागली. तिचीच असंल. मीठमोहरी ओवाळून टाकली.

२२ मार्च
चनबसूचं पत्र. ३० तारखंला, रविवारी येतोय, नीलूला घिऊन. आता एकच मासा उरलाय. ह्यांना एसटीनं उमरग्याला धाडलं, की तीन केशरी अन् एक काळा आणा, कुणाला सांगू नका. सांजंला आले. म्हणले, मासे मिळायलेत, पण वाळलेले.

३० मार्च, रविवार
आले. नीलू पेटीपशी गेली. रडली न्हाय. रडली असती तर बरं झालं असतं. पाणी किती बारी बदललं, एवढंच विचारलं. म्हणलं, दिवसातनं दोनदा, येकदम ताजं. म्हणली, बोअरच्या ताज्या पाण्यात हवा नसती, म्हणून ते ठिवायचं असतं. म्हशीसाठी काल भरलेली बादली अंगणात होती, ती उचलली अन् पेटीतलं थोडं काढून त्यातलं थोडं घातलं. दुपारपर्यंत तीन बारी. मग मासा खाली गेला, पंख हलवत फिरायला लागला. आ करायचा थांबला. हे माझ्याकडं बघायलेत. म्या आढ्याकडं बघितलं.
मग नीलूला म्हणलं, बाई, चुकलं माझं. ती माझ्या गळ्यात पडली. पण जाताना मासा डब्यात घालून घिऊन गेली. पेटी ठिवली. म्हणली, भरून ठिव अन् हात लावू नको. येताना दोन नवे आणते.

३१ मार्च, सकाळी
काहीच करायचं न्हाय, ह्याच्याएवढं अवघड काम म्या जन्मात केलं न्हाय. उठले, अन् अर्धी पेटी म्हशीला पाजल्यावर ध्यानात आलं. परत भरली. बानूबाईला सांगून ठिवलंय, म्या पेटीपशी दिसले की हाक मार.
पाडव्याला येणार हायेत. १० एप्रिल, गुरुवार.