गिरणीला नाही, तुला नाही

मंगळवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादास,

नमस्कार. वहिनीची कंबर आता बरी असेल. मी ठीक आहे. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस.

मोठी बातमी म्हणजे मला नोकरी लागली! माजी सैनिकांच्या मदत केंद्रातून. रुग्णालयाच्या लाँड्रीत. हसू नकोस. चादरी, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं आमच्याच हातून जातं. मुकादम म्हणतो, "फौजी, तुझ्या इस्त्रीच्या धारेनं पेशंटला परत टाके घालावे लागतील."

केंद्रात एक बाई आहेत. सगळे त्यांना हवालदारीणबाई म्हणतात. फौजेत कधीच नव्हत्या, पण त्यांच्यासमोर निवृत्त कर्नलसुद्धा पाठ ताठ करून बसतो. माझं अडलेलं पेन्शन त्यांनीच मार्गी लावलं. आधी त्यांनी मला एका गोदामात मुलाखतीला पाठवलं होतं. ते तुला कळवलं नव्हतं.

मुलाखत छान चालली होती. तेवढ्यात बाहेर फळ्यांची चळत कोसळली. भानावर आलो तेव्हा मी टेबलाखाली होतो, आणि साहेबांनाही धरून खाली ओढलं होतं. त्यांचा चष्मा फुटला. ते बिचारे मलाच विचारत होते, "अहो, लागलं का कुठं?" मी जो तोंड लपवून पळालो, तो थेट केंद्रात.

वाटलं, बाई आता फाडून खाणार. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"कधीपासून होतंय हे?"

"आजच."

"खोटं."

मी पेला उचलून एका दमात रिकामा केला.

"पायात गोळी असती तर लंगडत आलाच असतात ना? मग याची कसली लाज? नोकरी कुठं पळून जात नाही. आधी डॉक्टर."

तर दादा, उपचार चालू आहेत. खर्च केंद्राचा. आता बऱ्यापैकी झोप लागते. लाँड्रीही डॉक्टरीणबाईंनीच सुचवली. इथं मशिनं दिवसभर घरघरतात, पण तो आवाज एकसारखा असतो, अचानक दगा देत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं, गिरणीत कधी येतोस त्याचं. किती वेळ टाळतोय बघ. बाबांच्या मागे लाकडाची गिरणी तू एकट्यानं ओढलीस, मी परतायची वाट बघत. पाटीवर माझंही नाव रंगवून घेतलंस. पण ती करवत, त्या आदळणाऱ्या फळ्या... मला तिथं उभं राहता येणार नाही रे. सुट्टीत आलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी निघालो, ते यामुळेच. तुला वाटलं असेल, धाकट्याला शिंगं फुटली. मी गिरणीला नाही म्हणतोय दादा, तुला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, एकदा घरचं माणूस सोबत आणा. मी म्हटलं, घरी कुणाला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "मग सांगा की."

म्हणून सांगितलं. येशील? तुला काही बोलावं लागणार नाही. नुसता शेजारच्या खुर्चीवर बस. कुणी विचारलं की तुम्ही यांचे कोण, तर तेवढं मात्र मोठ्यानं सांग.

अजून दचकणारा, पण आता न लपणारा,
तुझा धाकटा