ताटावरचा हात

देवास, मंगळवार, १९५२

आज जिंकले! लग्न होऊन कोकणातून इथे आले तेव्हापासून शेजारच्या माळव्यातल्या काकींनी जेवायला बोलावले की धडकीच भरायची. आमच्याकडे पोट भरले की ताटावर हात धरायचा, वाढणारा पुढे जातो. इथे हात धरला की वाढणाऱ्याला चेव येतो! 'म्हारी सौगन' अशी शपथ घालून बोटांच्या फटींतूनसुद्धा तूप ओततात. पाहुणचार की मारामारी?

आज काकी आमच्याकडे जेवल्या. मोदक केले होते. त्यांनी ताटावर हात धरला मात्र, मी तो अलगद उचलला. "काकी, म्हारी सौगन!" मोदक ताटात, वर तूप! काकी मोदक संपवून तोच तुपाळ हात माझ्या डोक्यावर ठेवत म्हणाल्या, "लाड़ी, अब तू म्हांकी हुई." लाड़ी म्हणजे सूनबाई, आणि म्हांकी म्हणजे आमची!

केस धुवायला हवेत. धुववत नाहीत.