बाबांसाठी एक बैठक

॥ श्री ॥

मुंबई, ता. २ ऑक्टोबर १९६०

चि. तुळशीस महिपतचे अनेक आशीर्वाद. ती. बाबांच्या पायांवर डोकं ठेवलंय असं त्यांना सांग. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबा अर्धी भाकरी खाऊन उठतात, पाणीसुद्धा घोटभरच पितात, हे वाचल्यापासून माझं कामात चित्त नाय. बांधावरून घसरले तेव्हाच गुडघ्याला मार बसला होता, आणि त्यांनी तो महिनाभर लपवला. सवच्या गरम पाण्याच्या कुंडात चार दिवस शेकूनही पाय दुमडत नाय, म्हणजे तो आता दुमडायचाच नाय असं धरून चालायला हवं. तू लिहितेस ते मला पटलं. पाटावर मांडी घालता येत नाय, लेकीसमोर पाय लांब पसरून जेवायची लाज वाटते, म्हणून माणूस भुकेलाच उठतो. आई असती तर तिनं काहीतरी केलं असतं. आता आपणच करायचं.

तर ऐक. आमच्या दुकानात जुन्या बंगल्यांतलं सामान येतं. साहेब लोक देश सोडून गेले, त्यांच्या खुर्च्या, बाकं, तिवया इथं आल्या. मी दिवसभर त्या घासतो आणि पॉलिश मारतो. शेठला गोदाम मोकळं करायचंय. काल म्हणाला, दिवाळीला ज्याला जी हवी ती एक वस्तू घेऊन जा. एकच. मी बाबांसाठी बसायचं काहीतरी घेणार. कालपासून सतरा ठिकाणी बसून बघितलं. लांब हातांची आरामखुर्ची हाय, पण तिच्यात बसलेला माणूस दुसऱ्यानं ओढल्याशिवाय निघत नाय. एक गोल स्टूल हाय, बाजाची मोठी पेटी वाजवणारी मडम त्यावर बसायची म्हणे. फिरवलं की वर-खाली होतं. उंची हवी तशी करता येईल, पण जेवताजेवता बाबांचं तोंड भिंतीकडं फिरलं तर काय करायचं?

बाबांचा गुडघा जमिनीपासून किती उंच ते दोरीनं मोज आणि दोरीच पाठव. वितीत लिहू नकोस, तुझ्या आणि माझ्या वितीत फरक हाय. लवकर कर. मला दम निघत नाय.

इकडं एकटा हाय, तेव्हा आठवण ठेवावी एवढंच मागतो.

तुझा दादा
महिपत


॥ श्री ॥

वरचीवाडी, पो. पोलादपूर, जि. कुलाबा
ता. ८ ऑक्टोबर १९६०

ती. दादास तुळसाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

दोरी पाकिटात घातली आहे. मोजताना बाबांनी विचारलं तेव्हा सांगितलं की दादा तुमच्यासाठी लेंगा शिवतोय. धोतर नेसणाऱ्याला लेंगा कशाला, पोराला मुंबई लागली, असं म्हणाले.

शाळेत तुझं बूड एका जागी अर्धा तास टिकलं नाही, गुरुजी तुला दुसरीतच कंटाळले, आणि आता तू बसायच्या वस्तू निवडतोस, हे शेजारच्या बयाबाई काकूला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. तिला बसायला काही लागलं नाही.

पण दादा, घाई करू नकोस. फिरतं स्टूल तर नकोच. आपली जमीन सारवलेली, खालीवर आहे, तेव्हा पायांवर डुगडुगेल असं काही नको. हात टेकून उठता येईल असं बघ. बसण्यापेक्षा उठताना त्यांना जास्त दुखतं. पहाटे काठी टेकत ओढ्यापलीकडे जातात ते परत यायला ऊन चढतं, आणि आले की कपाळावर घाम असतो. विचारलं तर म्हणतात, पाय मोकळा करून आलो. काल नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी केली होती. पुन्हा तेच, अर्धी खाल्ली आणि ताट सारलं. बरगड्या मोजून घ्याव्यात असे झालेत. मी चेष्टा करते ती भीती वाटू नये म्हणून.

भात कापणीला आलं आहे. बांधाशेजारचा रामाभाऊ मदतीला येतो म्हणालाय. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी
तुळसा


॥ श्री ॥

मुंबई, ता. १४ ऑक्टोबर १९६०

चि. तुळशीस आशीर्वाद, ती. बाबांस साष्टांग दंडवत. वि. वि.

घेतली. आमचा मिस्त्री गोमाजी दिवाळीला कशेडीकडं त्याच्या गावी गेलाय. जुनी वस्तू उलटी करून सांधे बघावे, वाळवी बघावी, हे मला त्यानंच शिकवलं. त्याला विचारूनच घ्यायची होती. पण बाकीच्यांनी गोदामात फेऱ्या घालायला सुरुवात केली, माझा धीर सुटला आणि मी एकट्यानंच ठरवलं.

अस्सल सागाची खुर्ची हाय, खाली पेटीसारखी चारी बाजूंनी बंद. पाठ उभी, दोन्ही हात भरदार, त्यांवर जोर दिला की माणूस सरळ उठतो. तुझी दोरी लावली, बोटाचाही फरक नाय. आणि गंमत म्हणजे बसायची फळी बिजागरीवर उचलते. तिच्याखाली दुसरी फळी, तिला मोठं गोल भोक, कडा घासून गुळगुळीत केलेली. त्याखाली खण, खणाला मागून दार. हे कशाला असेल याचा दोन दिवस विचार केला, मग डोक्यात उजेड पडला. साहेब लोक बसल्या जागी पाणी ठेवत असणार. आपली पितळेची कळशी त्या भोकात नेमकी बसेल. पाणी घ्यायला मात्र दरवेळी उठावं लागेल, एवढं साहेबांना कसं सुचलं नाय कोण जाणे.

इतकी चांगली वस्तू कुणी उचलली नव्हती. शेठ म्हणाला, घे, घरात म्हातारं माणूस हाय ना, फार कामाला येईल. आणि हसला. तो तसा सारखाच हसतो.

पॉलिशचे तीन हात दिलेत. रत्नागिरीच्या ट्रकवर टाकलीय, ड्रायव्हर कशेडीचा घाट चढायच्या आधी पोलादपूरच्या नाक्यावर उतरवून ठेवील. रामाभाऊला घेऊन जा. लक्ष्मीपूजनाला तिला हळदकुंकू वाहा आणि बाबांना तिच्यावर बसवून पोटभर वाढ. किती भाकऱ्या खाल्ल्या ते त्याच दिवशी लिही.

तुझ्या पत्राकडं डोळे लावून बसलेला,
महिपत


मुंबई, ता. २९ ऑक्टोबर १९६०

तुळसे, हे पत्र एकटी वाच. बाबांना वाचून दाखवू नकोस.

गोमाजी काल परत आला. मी ऐटीत त्याला खुर्ची कशी निवडली ते सांगितलं, कळशीसकट. तो आधी खूप हसला, मग माझं तोंड बघून थांबला. ती जेवायची खुर्ची नाय. आजारी साहेबाला बाहेर जाववत नसलं की ती त्याच्या खोलीत ठेवायचे. भोकाखाली चिनी मातीचं भांडं असायचं आणि नोकर ते मागच्या दारानं काढून न्यायचा. याहून उघड मला लिहवत नाय, तूच समज.

आणि मी बाबांना तिच्यावर बसून जेवायला सांगितलं. हळदकुंकू वाहायला सांगितलं. त्यात पिण्याचं पाणी ठेवायला सांगितलं. कळशी ठेवली असशील तर आधी ती काढ आणि राखेनं सात वेळा घास. खुर्ची फोडून चुलीत घाल. चुलीत नको, तिच्यावर स्वयंपाक होतो. शेतात नेऊन जाळ. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला असतात, त्यातला एखादा घरी आला आणि त्यानं ओळखली तर बाबांनी कुणाला तोंड दाखवायचं? आधीच अर्धी भाकरी खातात, मग तीही जायची.

कालपासून हातातलं काम खाली ठेवतो आणि पुन्हा उचलतो. सकाळी एस्टीच्या रांगेत उभा राहिलो आणि रजा नाय म्हणून परत फिरलो. तू लिहीत का नाहीस? पंधरा दिवसांत एक ओळ नाय. शिव्या दे, पण लिही.

महिपत


॥ श्री ॥

वरचीवाडी, ता. ४ नोव्हेंबर १९६०

ती. दादास तुळसाचा नमस्कार. वि. वि.

मी लिहिलं नाही कारण मी बाबांवर रागावले होते आणि ते तुला कळवायचं नव्हतं.

खुर्ची धनतेरशीला आली. रामाभाऊ आणि त्याचा मेव्हणा डोक्यावरून घेऊन चढणीनं आले. अख्खी वाडी बघायला जमली. बयाबाई काकू कुंकवाचा करंडा घेऊनच आली होती. बाबा खुर्चीभोवती एकदा फिरले. फळी उचलली, आत बघितलं, खाली ठेवली. काकूला म्हणाले, कुंकू राहू दे. मग मी वाढलं तर ओट्याच्या कडेला बसून जेवले. दुसऱ्या दिवशी रामाभाऊकडून ती गोठ्यामागच्या पडवीत नेऊन ठेवली, स्वतः उभ्यानं कूड घालून आडोसा केला आणि मला बजावलं की तिकडं फिरकायचं नाही. मी चुलीपाशी बसून रडले. पोरानं एवढ्या लांबून पाठवलेली वस्तू आणि तिला गोठ्यामागे टाकतात, असं वाटलं.

काल तुझं पत्र आलं. वाचता वाचता माझे कान तापले, आणि मग एकेक उलगडत गेलं. दादा, त्यांना पाटावर बसायची लाज वाटत नव्हती. त्यांना ओढ्यापलीकडे उकिडवं बसवत नव्हतं. जायला लागू नये म्हणून ते खात नव्हते, पाणी पीत नव्हते. हे मला कसं सांगतील? आई असती तर तिला सांगितलं असतं.

बाबांनी विचारलं, दादा काय लिहितो. मी म्हटलं, खुर्ची आवडली का ते विचारतोय. तेव्हा सांगायला लागले की तरुणपणी दोन वर्षं महाबळेश्वरला एका साहेबाच्या बंगल्यावर पाणी तापवायला होते, म्हाताऱ्या साहेबाला अशीच होती. मग म्हणाले, "त्याला लिही, सगळ्या गोतावळ्यात माझं दुखणं त्याला एकट्याला कळलं. आणि कुणाला कळू न देता पाठवलीन."



दिवाळीपासून ते दोन भाकऱ्या खातात. काल तिसरीतला चतकोर मागून घेतला आणि वर तांब्याभर पाणी प्याले. तुझं पत्र मी चुलीत घातलं. कळशी पहिल्यापासून घरातल्या पाण्याच्या फळीवरच आहे, ती घासायला लावू नकोस. आता बाबांना काय लिहायचं ते तू ठरव, पण जे लिहिशील ते मला मोठ्यानं वाचायचं आहे, हे ध्यानात ठेव.

बहिणीवरचा लोभ वाढता असू दे.

तुळसा


॥ श्री ॥

मुंबई, ता. ९ नोव्हेंबर १९६०

तीर्थरूप बाबांच्या चरणी महिपतचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुळशीचं पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं. तीन दिवस झाले, काम नीट होतंय. खुर्ची जुन्या सागाची हाय, पण सारवलेल्या जमिनीची ओल धरते, तेव्हा चारी कोपऱ्यांखाली चपटे दगड घाला. बिजागरीला अधूनमधून तेल सोडा. चिनी मातीचं भांडं तिच्यासोबत यायला हवं होतं, ते मी बाजारात शोधतोय. शिमग्याला येताना घेऊन येईन.

दुसरं असं, की एकदा कळलं म्हणून दरवेळी कळेलच असं नाय, बाबा. मी लांब हाय आणि मला घाई फार. म्हणून दुखेल ते सांगत जा. तुळशीला सांगायला अवघड वाटलं तर रामाभाऊकडून दोन ओळी लिहून घ्या.

पोटभर जेवत जा. लेकरावर अशीच छाया राहो.

आपला आज्ञाधारक,
महिपत