दिष्ट काढलेला चेहरा

सोलापूर, सप्टेंबर १९७४

होटगीच्या धोंडिरामदादाला धाकट्या नागूचा नमस्कार.

पंचमीला मला न्यायला आलास आन् माझं तोंड बघून हसलास. "नागे, गिरणी मानवली की तुला! कशी भरलीयास." वैनीनं तर घरात पाऊल टाकताच दिष्ट काढली.

दादा, ते भरणं न्हवतं, गोळ्यांची सूज व्हती. मला सांधेवात हाय. सकाळी बोटं मिटत न्हाईत, आन् गिरणीत तुटल्या सुताला गाठ मारायला बोटंच लागत्यात. म्हणून संक्रांतीपासनं गोळ्या घेते. बोटं चालत्यात, पण तोंड फुगतं, आन् डॉक्टर म्हणत्यात, लई दिवस घेतल्या तर हाडं ठिसूळ व्हतील.

तुमच्याकडनं आले आन् ह्या फुगल्या तोंडाच्या रागानं गोळ्या एकदम बंद केल्या. चौथ्या दिवशी कामावरच चक्कर येऊन पडले. डॉक्टर लई तापले. म्हणाले, कमी करायच्या त्या जरा जरानं, मी सांगंन तशा.

आता त्यांनी सांगितल्यापरमानं ब्लेडनं गोळीचा पाव तुकडा काढून ठेवते. ठणका वाढलाय, पण गाठ अजून बसतीया. बसतीया तंवर मी मागं हटणार न्हाय.

हे पत्र धाडत न्हाय, माझ्या ट्रंकेतच ठेवते. तुला कळलं तर गाडी धरून येशील आन् गिरणी सोडायला लावशील. फुडच्या पंचमीला समोर बसून सांगंन. तवा माझे गाल बसलेले असतील. वैनीला म्हणंन, बघून रडू नगंस. दिष्ट तवा काढ.

तुझी,
नागू