दुवा नसलेलं पान

प्रिय गूपीटु,

नाव मुद्दाम तुझ्या पद्धतीनं लिहिलं आहे. पहिला उकार दीर्घ, शेवटचा ऱ्हस्व आणि मधली वेलांटी नको त्या बाजूला. आईला हे कधीच चाललं नाही. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जिची उभी हयात गेली, तिचा पोटचा मुलगा स्वतःचं लाडाचं नाव कपाटाच्या दाराच्या आतून खिळ्यानं असं कोरून ठेवतो, म्हणजे काय! ऱ्हस्वदीर्घाशी तुझं हाडवैर. कपाट अजून तिथेच आहे, दार तेवढं आता नीट लागत नाही. तुझं खरं नाव मात्र या पत्रात कुठेच येणार नाही. ते लिहायची मला धास्तीच बसली आहे, आणि का ते तुला ठाऊक आहे.

तुला सगळ्यात आधी कळायला हवं ते आधी सांगते. लिफ्टच्या अपघाताची चौकशी तू घर सोडल्यावर पुरी झाली. तुझी त्यात काडीची चूक निघाली नाही. दोर धरून ठेवणारी कडीच कारखान्यातून कच्ची आली होती. भेग आतल्या आत होती, बाहेरून कुणालाही दिसली नसती, तुलाच काय, ती बनवणाऱ्यालाही नाही. अपघात झाला तेव्हा वर्तमानपत्रानं तुझा फोटो टाकून मोठ्ठा मथळा दिला होता, निष्काळजी मेकॅनिकमुळे रखवालदाराचा बळी. निर्दोष ठरलास त्याच्या मात्र चार ओळी, आतल्या पानावर, फोटोबिटो काही नाही. कागदावरची बातमी निदान रद्दीत तरी जाते. इंटरनेटवरची ढिम्म हलत नाही. कुणीही तुझं नाव शोधलं की पहिली तीच. नोकरी मागायला जायचास, समोरचा तुझ्यादेखत फोनवर नाव टाकायचा आणि त्याचा चेहरा बदलायचा, हे तू मला एकदाच सांगितलंस, जेवता जेवता, हसून. त्यानंतर काही दिवसांतच हत्यारांची पिशवी घेऊन गेलास. फोन टेबलावर ठेवून गेलास, म्हणजे आम्ही हाक मारायलाही नको.

माझी नोकरी तुला कधी नीट कळली नाही. एखाद्या दंतवैद्याची, गाद्या विकणाऱ्याची साइट शोधात वर आणायची, हे माझं काम. साइट आतून कितीही सजवा, शोधयंत्र मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, ते बाहेर चौकशी करतं. एखाद्याला कामावर ठेवताना तो स्वतःबद्दल काय सांगतो यापेक्षा शेजारीपाजारी काय म्हणतात ते ऐकावं, तसंच. म्हणून आम्ही दुसऱ्या साइटवाल्यांना गळ घालतो, की बाबांनो, तुमच्या पानावरून आमच्या पानाकडे यायला एक दुवा द्या. बऱ्या नावाच्या ठिकाणांहून असे दुवे जमले की पान वर सरकतं. आईला हे समजावलं तेव्हा ती पोट धरून हसली. म्हणाली, लोक एकमेकांना दुवा देतात, आणि माझी लेक पगार घेऊन दुवे मागत हिंडते.

ती बातमी काढून टाकावी म्हणून मी वर्तमानपत्राच्या कचेरीत किती खेटे घातले! संपादक सभ्य माणूस. बसा म्हणाला, पाणी मागवलं आणि सांगितलं, बाई, जुन्या पानाला आम्ही हात लावत नाही. निदान त्या बातमीखाली निर्दोष ठरल्याच्या बातमीचा दुवा तरी द्या म्हटलं, तर तेही धोरणात बसत नव्हतं. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले, रागानं. बातमी हटत नसेल तर खाली ढकलायची, आणि खाली ढकलायची तर तिच्यावर काहीतरी चढवायला हवं. तुझ्या नावाचं जगात आणखी एकच ठिकाण होतं, जुने रेडिओ दुरुस्त करण्याबद्दलची तुझी साइट. किती अशुद्ध लिहितोस रे! खरखर हा शब्द सोडला तर एक धड नाही. आई सगळं सुधारून द्यायला टपली होती, मी हात लावू दिला नाही. तुझा आवाज त्या चुकांतच राहिला होता.

मग मी तुझ्यासाठी दुवे मागायला निघाले. दिवसभर गाद्यांसाठी मागायचे आणि घरी आले की तुझ्यासाठी. जहाजावर बिनतारी यंत्र सांभाळलेले एक म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांचं स्वतःचं पान आहे. त्यांनी उलट लांबलचक पत्र पाठवलं, की तुझं वाचून त्यांनी बायकोचा बंद पडलेला रेडिओ चालू केला, आणि बायको नाही पण रेडिओ बोलतो आहे. दुवा त्यांनी मी मागायच्या आधीच दिला होता. विज्ञान शिकवणाऱ्या एका मास्तरांनी दिला. जुन्या यंत्रांचा संग्रह करणाऱ्या एकानं आधी हो म्हटलं, मग तुझं नाव शोधलं आणि कळवलं की माणूस बरा दिसत नाही, क्षमस्व. असे पुष्कळ भेटले. जी बातमी खाली ढकलायला मी दारोदार जात होते तीच माझ्या आधी त्या दारात पोचलेली असायची. आमचे साहेब म्हणाले, कशाला जोडे झिजवतेस, हजारभर बनावट साइटींवरून दुवे ओततो, आठवड्यात वर येईल. शोधयंत्राला वास लागला की असं पान पार गाडलं जातं, हे त्यांनाही पक्कं ठाऊक. मी नको म्हटलं. तुझ्या नावाला आणखी एक खोटं चिकटलेलं मला नको होतं.

आणि एक दिवस रखवालदाराची बायको दारात उभी. मी बस म्हटलं तरी बसेना. त्या चार ओळी तिनं फार उशिरा वाचल्या होत्या. म्हणाली, तुमच्या भावानं माझ्या माणसाला मारलं नाही हे मला कुणी सांगितलंच नाही हो, मी इतके दिवस त्याला शिव्याशाप देत बसले, आता ते परत कसे घेऊ? आईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. जाताना तिनं विचारलं, माझ्याकडून काही होण्यासारखं आहे का. मी वेडीनं सवयीनं दुवा मागितला. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण तिनं इमारतीतल्या लोकांच्या मागे लागून ते करवून घेतलं. आता त्या इमारतीच्या साइटवर, पाण्याच्या वेळा आणि गाड्या लावायचे नियम यांच्या खाली, तुझ्या रेडिओंचा दुवा आहे. शोधयंत्राच्या लेखी त्याला काही वजन नाही. मी अधूनमधून तो उघडून नुसती बघते.

बातमी घसरत गेली. आज तुझं नाव टाकलं तर आधी रेडिओ येतात, मग त्या चार ओळी, आणि ती जुनी दुसऱ्या पानाच्या तळाशी, जिथे कुणी जात नाही. माझ्या धंद्यात याला यश म्हणतात. अनोळखी लोक तुझ्या पानावर यायला लागले, आभार मानायला लागले. तू तेवढा आला नाहीस.

तुझ्या साइटच्या डोक्यावर शोधायचं एक खोकं आहे ना, त्यात लोक काय लिहितात ते आता माझ्याकडे येतं, साइट मीच सांभाळते ना. आवाज येत नाही. बटण अडकलं. जळका वास येतो. एकदा त्यात आलं, गुपिटू. लहानपणी रेडिओच्या आत बसून बोलणाऱ्या माणसाचं नाव तू गुपिटू ठेवलं होतंस. रेडिओ बंद असला की त्यावर टकटक करून विचारायचास, गुपिटू, आहेस का? आणि बाबा कपाटाआडून नाकात बोलायचे, आहे! पुढे तूच गुपिटू झालास. बाबा गेल्यावर हा शब्द आपल्या तिघांपुरताच उरला होता आणि मी तर तो लिहिला नव्हता. मी धावत आईच्या खोलीत गेले. आहे, आई, तो आहे! आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाली, बरं झालं. एवढंच. मला वाटलं, श्वासाच्या दुखण्यानं थकली असेल, तेव्हा तिनं अंथरूणच धरलं होतं. त्यानंतर तो शब्द जवळजवळ रोज येत राहिला, आणि आज पण आला हं, असं मी तिला रोज सांगत राहिले. ती मान हलवायची.

आई गेली रे. झोपेत गेली, सुखानं गेली, असं लिहावंसं वाटतं, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू. श्वासासाठी झगडून झगडून गेली. नंतर तिच्या उशाखालचं आवरताना तिचा फोन हाताला लागला. त्यावर तुझी साइट उघडी होती. खोक्यात तो शब्द होता, अगदी शुद्ध, पहिला उकार ऱ्हस्व, शेवटचा दीर्घ. आणि त्याच्याखाली तुझ्या साइटचं ठरलेलं उत्तर, काही सापडलं नाही. ती रोज विचारत होती आणि रोज हेच वाचत होती. तिचीच हाक मी रोज तिला नाचत नेऊन देत होते, तुझी म्हणून, आणि माझा हिरमोड नको म्हणून ती गप्प बसली. तिची मुलगी असून मला ते ऱ्हस्वदीर्घ दिसलं नाही. तू कधी शुद्ध लिहिलं आहेस?

त्यानंतर खोक्यात तो शब्द यायचा थांबला. मी साइट बंद करणार होते, तेवढंही बळ नव्हतं म्हणून राहिली. आणि परवा तो पुन्हा आला. आईचा फोन केव्हाचा बंद पडून कपाटात आहे. या वेळी पहिला उकार दीर्घ होता, शेवटचा ऱ्हस्व, वेलांटी नको त्या बाजूला. असा तो जगात एकाच ठिकाणी कोरलेला आहे. मी कपाटाचं दार उघडून त्याच्याशी ताडून पाहिला, आईसारखा अक्षर न् अक्षर बोट ठेवून. तुलाही तेच उत्तर मिळालं असणार, काही सापडलं नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. हे पान मी कशालाही जोडलेलं नाही, याच्यासाठी कुणाकडे एकही दुवा मागितलेला नाही, शोधयंत्राला याचा पत्ताही लागणार नाही. त्या खोक्यात तो शब्द असाच चुकीचा लिहिला तरच ते उघडेल. तू पुन्हा विचारशील, की एकदाच विचारून निघून गेलास, मला माहीत नाही. पण विचारलंस आणि इथवर वाचलंस, तर बाबांसारखं नाकात मला जमत नाही, तरी ऐक.

आहे.

तुझीच, आता एकटीच उरलेली,
ताई